फोर्कलिफ्टचे प्रकार आणि कामाला साजेशा यंत्राची निवड

समतोल

फोर्कलिफ्ट घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी एकच विचारला जातो : किती टनांची घ्यायची? त्याचे उत्तर मिळाले की उरलेले सगळे विक्रेत्यावर सोपवले जाते. यंत्र दारात येऊन उभे राहिल्यावर मग कळते की त्याचा मास्ट, म्हणजे माल वर नेणारा उभा सांगाडा, दरवाज्याच्या चौकटीखालून जात नाही, किंवा दोन रॅकमधल्या मार्गिकेत ते वळत नाही, किंवा सर्वांत वरच्या कप्प्यापाशी त्याची क्षमता कागदावरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी भरते. माझ्या मते टनांचा आकडा ठरवण्याआधी माल कसा आहे, तो कोणत्या वाटेने जाणार आहे, किती उंच चढवायचा आहे आणि खालची जमीन कशी आहे, हे नक्की व्हायला हवे. तेवढे नक्की झाले की यंत्राचा प्रकार जवळजवळ आपोआप ठरतो आणि टनांचा प्रश्न नेमकेपणाने विचारता येतो. जाणकारांनी यावर सविस्तर लिहावे यासाठी मंचावर हा धागा काढला आहे. सुरुवात मी करतो.

सर्वांच्या परिचयाची फोर्कलिफ्ट म्हणजे काउंटरबॅलन्स. पुढे फोर्कवर (माल उचलणाऱ्या दोन दात्यांवर) माल, मागे ओतीव लोखंडाचे जड वजन आणि या दोहोंच्या मध्ये पुढच्या चाकांचा आस, अशी तिची रचना सी-सॉसारखी असते. पुढचा आस हा टेकू. त्यामुळे माल किती किलोंचा आहे याच्या इतकेच, त्याचा गुरुत्वमध्य टेकूपासून किती लांब आहे हेही महत्त्वाचे ठरते. फोर्कच्या उभ्या भागापासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतच्या आडव्या अंतराला लोड सेंटर म्हणतात. १ टनापासून ५ टनांच्या आतल्या यंत्रांची क्षमता साधारणपणे ५०० मिलिमीटर लोड सेंटर धरून सांगितलेली असते, त्याहून मोठ्या यंत्रांसाठी ६०० मिलिमीटर धरतात आणि अमेरिकेत २४ इंच धरण्याची पद्धत आहे.

एक हिशेब करून पाहू. २५०० किलो क्षमतेच्या यंत्रात पुढच्या आसापासून फोर्कच्या पाठीपर्यंतचे अंतर ४५० मिलिमीटर आहे असे समजा. ५०० मिलिमीटर लोड सेंटरला भार टेकूपासून ९५० मिलिमीटरवर येतो. माल लांबट असल्यामुळे लोड सेंटर ७०० झाले, तर तोच भार ११५० मिलिमीटरवर जातो. २५०० ला ९५० ने गुणून ११५० ने भागले की सुमारे २०६५ उरतात. म्हणजे मालाचे वजन तसूभरही न वाढता, केवळ तो २०० मिलिमीटर पुढे सरकल्यामुळे चारशे किलोंहून अधिक क्षमता गेली. हा हिशेब अंदाजापुरताच वापरावा. खरा आकडा यंत्रावर बसवलेल्या क्षमतेच्या पाटीवर किंवा निर्मात्याच्या तक्त्यात पाहावा, कारण मास्ट जसजसा वर जातो तसतसा तो किंचित वाकतो, एकूण गुरुत्वमध्य वर चढतो आणि क्षमता आणखी घटते.

आडव्या तोलाचेही भान हवे. चार चाकांच्या काउंटरबॅलन्स यंत्राचा मागचा आस मधोमध एका खिळीवर झुलता बसवलेला असतो, म्हणून ते प्रत्यक्षात तीन बिंदूंवर उभे असते : पुढची दोन चाके आणि मागची ती खिळ. या त्रिकोणाबाहेर गुरुत्वमध्य गेला की यंत्र कलंडते. रिकामी फोर्कलिफ्ट सुरक्षित असते असा समज सर्वत्र आढळतो, तो चुकीचा आहे. भार नसताना गुरुत्वमध्य मागे, त्रिकोणाच्या निमुळत्या बाजूला सरकलेला असतो, आणि म्हणून रिकामे यंत्र वेगात वळवले तर ते भरलेल्या यंत्रापेक्षा लवकर आडवे होऊ शकते.

गोदामवासी

धागा अगदी वेळेवर आला. आमच्याकडे गोदामाची नवी मांडणी झाली आहे आणि यंत्र निवडण्याचे काम माझ्याकडे आहे. आमची पॅलेट, म्हणजे माल रचण्याची फळ्यांची चौकट, १२०० × १००० मिलिमीटरची असून मालासह वजन ९०० ते ११०० किलो असते. रॅकचा सर्वांत वरचा बीम (पॅलेट टेकवायची आडवी पट्टी) ७.५ मीटरवर आहे आणि दोन रॅकमधली मार्गिका ३ मीटरची आहे. माल कधी उघड्या ट्रकमधून येतो, तेव्हा तो बाहेरच्या आवारात उतरवावा लागतो; कधी कंटेनरमधून येतो, तेव्हा तो डॉकवर (माल चढवण्या-उतरवण्याच्या ओट्यावर) रिकामा करावा लागतो. एकच यंत्र ही सगळी कामे करील, अशी वरिष्ठांची अपेक्षा आहे. २.५ टनांची काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्ट पुरेल असे मला सुचवण्यात आले आहे. आपले मत काय?

आराखडा

मी गोदामांच्या मांडणीचे काम करतो, म्हणून आधी मार्गिकेविषयी लिहितो. काउंटरबॅलन्स यंत्राला लागणारी मार्गिका काढण्याची रीत सोपी आहे : यंत्राची वळण-त्रिज्या, पुढच्या आसापासून फोर्कच्या पाठीपर्यंतचे अंतर, पॅलेटची लांबी आणि २०० मिलिमीटर मोकळीक यांची बेरीज करायची. चार चाकांच्या २.५ टनी यंत्राची वळण-त्रिज्या २२०० मिलिमीटरच्या आसपास धरली, तर २२००, ४५०, १२०० आणि २०० मिळून ४०५० मिलिमीटर होतात. तुमच्या ३ मीटरमध्ये हे यंत्र पॅलेटसह काटकोनात वळणारच नाही. तीन चाकांच्या लहान विद्युत यंत्राची त्रिज्या १५०० आणि पुढचे अंतर ३५० धरले तरी बेरीज ३२५० येते. तेही बसत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की तुम्ही ३ मीटर नेमके कुठून कुठपर्यंत मोजले आहेत? रॅकच्या खांबापासून समोरच्या खांबापर्यंत मोजले असतील आणि रॅकची खोली १००० मिलिमीटर असेल, तर १२०० लांबीचे पॅलेट दोन्ही अंगांनी १००-१०० मिलिमीटर बाहेर डोकावते. मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना असे घडते, म्हणून यंत्राला प्रत्यक्षात मिळणारी रुंदी २.८ मीटर उरते. नकाशावर रॅकच दाखवलेला असतो, बाहेर आलेले पॅलेट दाखवलेले नसते, आणि हे वीस सेंटिमीटर नेमके तिथेच हरवतात.

गोदामवासी

खांबापासून खांबापर्यंतच मोजले आहेत आणि रॅकची खोलीही १००० मिलिमीटरच आहे. म्हणजे २.८ मीटर समजून चालतो. रॅक आता जमिनीत बोल्टने बसवले आहेत, ते सरकवणे शक्य नाही.

समतोल

मग आतल्या कामासाठी रीच ट्रकचा विचार करावा लागेल. या यंत्रात चालक बहुधा यंत्राच्या कुशीकडे तोंड करून बसतो, पुढे जमिनीलगत दोन आधारपाय असतात आणि मास्ट किंवा फोर्क पुढेमागे सरकतात. पॅलेट उचलल्यावर ते मागे, चाकांच्या चौकटीच्या आत ओढून घेतले जाते. त्यामुळे मागे प्रचंड वजन ठेवावे लागत नाही आणि यंत्राची लांबी कमी राहते. १२०० × १००० च्या पॅलेटसाठी बहुतेक रीच ट्रकना २.७ ते २.९ मीटर मार्गिका लागते. तुमच्या २.८ मध्ये काही मॉडेल बसतील, काही बसणार नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या माहितीपत्रकातला मार्गिकेचा आकडा आणि तो कोणत्या पॅलेटसाठी, कोणत्या बाजूने धरलेला आहे, हे दोन्ही वाचावे.

उंचीच्या बाबतीत बीमची उंची आणि उचलण्याची उंची एक नसते. बीम ७.५ मीटरवर असेल तर पॅलेट त्याच्यावरून अलगद आत सरकवण्यासाठी फोर्क त्याहून निदान २०० मिलिमीटर वर जायला हवेत. ७.८ मीटर उचल धरावी असे मी सुचवीन. मास्ट पूर्ण वर गेल्यावर त्याचे टोक आणि पॅलेटवरचा माल दिव्यांना, तुळयांना किंवा आग विझवणाऱ्या फवाऱ्यांच्या नळांना लागणार नाही ना, तेही मोजून घ्यावे. आता टनांचा प्रश्न विचारता येईल, पण तो असा : ७.८ मीटर उंचीवर, ६०० मिलिमीटर लोड सेंटरला, साइड शिफ्टसह (फोर्क डावीउजवीकडे सरकवणाऱ्या जोडासह) हे यंत्र ११०० किलो उचलते का? ६०० अशासाठी, की १२०० मिलिमीटर लांबीच्या पॅलेटवर माल समान पसरलेला असेल तर त्याचा मध्य तिथेच येतो.

आणखी एक तपशील पाहावा. रीच ट्रकच्या दोन आधारपायांमधली आतली रुंदी पॅलेटच्या रुंदीपेक्षा कमी असेल, तर जमिनीवर ठेवलेले पॅलेट पाय अडवतात. पॅलेट पायांच्या वर उचलल्याशिवाय आत ओढता येत नाही. अशा वेळी सर्वांत खालचे पॅलेटही जमिनीऐवजी एका बुटक्या बीमवर ठेवावे लागते आणि रॅकच्या सगळ्या उंच्यांचा हिशेब तेवढ्याने बदलतो.

सुकाणू

मी अनेक वर्षे दोन्ही प्रकारची यंत्रे चालवत आलो आहे, म्हणून चालकाच्या आसनावरून काय दिसते ते सांगतो. रीच ट्रक आवारात नेण्याचा मोह होतो, विशेषतः बाहेर एकच ट्रक उभा असतो आणि दुसरे यंत्र कामात असते तेव्हा. पण तो मोह टाळावा. त्याची चाके पॉलियुरेथेनची, लहान आणि टणक असतात, पोट जमिनीपासून थोडेच वर असते. डांबरात ती रुततात, खडीवर घसरतात, आणि ओल्या उतारावर ब्रेक लावला तर यंत्र थांबण्याऐवजी सरकते. खडबडीत आवारासाठी मोठ्या चाकांचे काही खास रीच ट्रक मिळतात, पण नेहमीचा रीच ट्रक सपाट काँक्रीटसाठीच बनवलेला असतो.

७ मीटरच्या वर पॅलेट ठेवताना खालून मान वर करून अंदाजाने काम करणे थकवणारे असते आणि शिफ्टच्या शेवटी चूक तिथेच होते. फोर्कवर कॅमेरा आणि उंची आधीच निवडून ठेवण्याची सोय असेल तर ती चैन समजू नये. बीमची उंची निवडली की फोर्क नेमके तिथे थांबतात आणि चालकाचे लक्ष पॅलेट सरळ आत जाते की नाही, याकडे राहते.

काउंटरबॅलन्स चालवणाऱ्याला रीच ट्रक आपोआप चालवता येईल असेही गृहीत धरू नये. आसनाची दिशा वेगळी, सुकाणूचा प्रतिसाद वेगळा, आणि भार पुढे ढकललेला असताना यंत्राचा तोल बदलतो. प्रत्येक प्रकारासाठी प्रशिक्षण स्वतंत्र हवे. अमेरिकेच्या ओशा (कामगार-सुरक्षा प्रशासन) नियमांत तर चालकाच्या कामाचे मूल्यमापन किमान दर तीन वर्षांनी करण्याची अट आहे.

यंत्रनिगा

टनांचा प्रश्न मागे ढकलण्याबद्दल मी थोडा वेगळा विचार मांडतो. माल कधी ना कधी बदलतो. आज ११०० किलो असलेले पॅलेट उद्या १३०० चे होते आणि तेव्हा यंत्र बदलता येत नाही. म्हणून क्षमतेत भरपूर वाव ठेवून मोठे यंत्र घेणेच शहाणपणाचे, असे देखभालीच्या बाजूने मला वाटते. जे यंत्र रोज क्षमतेच्या काठावर राबते, त्याचे पंप, साखळ्या आणि ब्रेक लवकर उतरतात.

समतोल

वाव ठेवण्याशी मी सहमत आहे, पण तो मर्यादित असावा आणि मालात कोणता बदल अपेक्षित आहे हे विचारून ठेवलेला असावा. मोठे यंत्र स्वतः जड असते, त्याची वळण-त्रिज्या मोठी असते आणि ते जमिनीवर जास्त भार टाकते. २.५ टनी काउंटरबॅलन्स यंत्राचे स्वतःचे वजनच साडेतीन ते चार टन असते. पूर्ण भार घेतल्यावर एकूण वजन सहा टनांच्या घरात जाते आणि त्याचा बहुतांश वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो. कंटेनरच्या लाकडी तळावर, डॉकच्या फळीवर किंवा पोटमाळ्यावर हा भार झेपेल का, हे पाहिल्याशिवाय "थोडे मोठेच घेऊ" म्हणणे योग्य नाही. गोदामवासी यांच्या कंटेनरच्या कामासाठी १.८ ते २ टनांचे हलके विद्युत यंत्र अधिक सोयीचे ठरेल असे मला वाटते, अर्थात ११०० किलोचा तोच हिशेब साइड शिफ्टसह जुळवून पाहिल्यावर.

आराखडा

कंटेनरचा विषय निघाला म्हणून मास्टबद्दल लिहितो, कारण तिथे सर्वाधिक गोंधळ होतो. नेहमीच्या उंचीच्या कंटेनरच्या दाराची उंची सुमारे २.२८ मीटर असते, हाय क्यूब, म्हणजे जास्त उंचीच्या, कंटेनरची सुमारे २.५८ मीटर. मास्ट पूर्ण खाली असताना त्याची उंची यापेक्षा कमी हवीच, पण तेवढ्याने भागत नाही. साध्या दोन टप्प्यांच्या मास्टमध्ये फोर्क थोडेसे वर गेले की आतला मास्टही वर सरकू लागतो आणि कंटेनरच्या छताला टेकतो. दुसऱ्या थराचे पॅलेट मग काढताच येत नाही. पूर्ण फ्री लिफ्ट असलेल्या मास्टमध्ये फोर्क आधी आतल्या आत बरेच वर चढतात आणि त्यानंतरच मास्ट उंचावतो. तीन टप्प्यांच्या मास्टमध्ये ही सोय बहुधा असते. त्याच्या बदल्यात मधले सिलिंडर आणि साखळ्या चालकाच्या नजरेच्या थोड्या आड येतात आणि क्षमता किंचित घटते.

कंटेनरची आतली रुंदी जेमतेम २.३५ मीटर असते. आत यंत्र आडवे सरकवून पॅलेटशी जुळवून घेण्याला जागाच नसते, म्हणून साइड शिफ्ट इथे आवश्यक मानावी. मात्र ती नंतर बसवून घेतली तर तिचे वजन आणि जाडी दोन्ही क्षमतेतून वजा होतात. नव्या क्षमतेची पाटी निर्मात्याकडून मागून घ्यायला हवी. क्लॅम्प (माल दोन्ही बाजूंनी आवळून धरणारा जोड), फिरते जोड, लांब फोर्क यांना हाच नियम लागू आहे. जोड बदलला आणि पाटी जुनीच राहिली, तर चालक एका चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून काम करत असतो.

एकाच यंत्राचा आग्रह असेल तर आर्टिक्युलेटेड फोर्कलिफ्ट हा एक खरा पर्याय आहे. तिचा पुढचा भाग मास्टसह कंबरेत वळतो, त्यामुळे ती सुमारे २ मीटरच्या मार्गिकेत पॅलेट ठेवू शकते आणि आवारातही चालते. ट्रकमधून उतरवलेले पॅलेट मध्ये कुठेही खाली न ठेवता थेट रॅकमध्ये जाते. तिच्यासाठी प्रशिक्षण वेगळे लागते, आणि सगळी भिस्त एकाच यंत्रावर असल्यामुळे ते बंद पडले तर आतबाहेरचे काम एकदमच थांबते. सर्वांत अरुंद, १.६ ते १.८ मीटरच्या मार्गिकांसाठी फोर्क दोन्ही कुशींना वळवणारे टरेट ट्रक असतात, पण त्यांना जमिनीखालच्या तारेचे किंवा कडेच्या रुळांचे मार्गदर्शन आणि फार काटेकोर सपाटीचे काँक्रीट लागते. तयार रॅकमध्ये नंतर तो विचार करण्यात अर्थ नाही.

पोलादपथ

आमच्याकडे पॅलेट जवळजवळ नसतातच. ६ मीटर लांबीचे नळ आणि सळ्यांचे गठ्ठे हाच आमचा माल. काउंटरबॅलन्स यंत्रावर ते आडवे धरले की यंत्राला सहा मीटरहून रुंद रस्ता लागतो आणि वळताना दोन्ही टोके कुठे जातील याचा भरवसा नसतो. अशा मालासाठी कोणता प्रकार योग्य?

समतोल

लांब मालासाठी साइडलोडर किंवा चारही दिशांना चालणारे यंत्र पाहावे. साइडलोडरमध्ये मास्ट एका कुशीला असतो. माल उचलून यंत्राच्याच फलाटावर, लांबीच्या दिशेने ठेवला जातो, त्यामुळे प्रवासात लागणारी रुंदी मालाच्या लांबीवर अवलंबून राहत नाही. चार दिशांच्या यंत्रात चाकांची दिशा बदलून ते नव्वद अंशांत चालवता येते, म्हणजे समोरून उचललेला गठ्ठा घेऊन ते आडवे चालत मार्गिकेत शिरते. दोन्ही बाबतींत फोर्क एकमेकांपासून पुरेसे लांब पसरवता येतात का, हे आधी विचारावे. लवचिक नळ दोनच जवळच्या बिंदूंवर उचलले तर त्यांची टोके खाली झुकतात आणि प्रत्येक धक्क्याला हेलकावतात. तो हेलकावा यंत्राच्या तोलात उतरतो.

गोदामवासी

जमिनीवरच्या लहान हालचालींसाठी, म्हणजे डॉकपासून तपासणीच्या जागेपर्यंत वगैरे, पायी चालवायचा स्टॅकर (पॅलेट थोड्या उंचीवर चढवणारे छोटे यंत्र) घ्यावा का? आणि बॅटरीचे काय? दोन शिफ्ट चालतील असा अंदाज आहे.

यंत्रनिगा

केवळ जमिनीवरून हलवायचे असेल तर स्टॅकरची गरज नाही, पॅलेट जमिनीपासून जरासे उचलून नेणारा विद्युत पॅलेट ट्रक पुरतो. अंतर थोडे आणि उतार नसेल तर हाताने ओढायचा पॅलेट ट्रकही दोन ते अडीच टन सहज नेतो. स्टॅकर घेणारच असाल तर आधी तुमच्या पॅलेटचा तळ उलटा करून पाहा. साध्या स्टॅकरचे आधारपाय फोर्कच्या बरोबर खाली असतात आणि तेही पॅलेटच्या पोटात शिरतात. तळाला चारही बाजूंनी पट्ट्या असलेले पॅलेट असेल, तर फोर्क वर उचलले जातात पण पाय त्या पट्टीवर दाबून राहतात, आणि पट्टी कडाडून सुटते. अशा पॅलेटसाठी पाय दोन्ही कुशींना पसरलेला स्ट्रॅडल स्टॅकर लागतो. हा दोष यंत्राचा समजून मला दुरुस्तीसाठी बोलावले गेल्याचे प्रसंग आहेत. यंत्रात काहीच बिघडलेले नव्हते.

बॅटरीबद्दल. लेड-अॅसिड बॅटरीचे जुने गणित असे आहे : सुमारे आठ तास काम, आठ तास चार्जिंग आणि आठ तास थंड होणे. दोन शिफ्टसाठी एका यंत्रामागे दुसरी बॅटरी, ती बदलण्याची सामग्री आणि चार्जिंगसाठी हवेशीर जागा लागते, कारण चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात हायड्रोजन बाहेर पडतो. ती ८० टक्क्यांहून अधिक रिकामी करू नये, आणि शुद्ध केलेले पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर घालावे. आधी काठोकाठ भरले तर आम्ल फुगून बाहेर येते आणि पेटी आतून सडते. लिथियम-आयन बॅटरी जेवणाच्या सुट्टीत, चहाच्या वेळेत थोडीथोडी चार्ज करता येते, तिला पाणी लागत नाही आणि बदलावीही लागत नाही. दोन शिफ्टच्या कामाला मी तीच सुचवीन, जरी सुरुवातीचा खर्च जास्त असला तरी.

मात्र जुन्या यंत्रात लिथियम बसवताना एक धोका दुर्लक्षिला जातो. काउंटरबॅलन्स यंत्रात बॅटरीचे वजन हा तोलाचाच भाग असतो. लिथियमचा संच बराच हलका असतो, म्हणून पेटीत लोखंड भरून यंत्राच्या पाटीवर दिलेले बॅटरीचे किमान वजन गाठावेच लागते. ते न केल्यास माल तोच, पाटी तीच, पण मागचे वजन कमी झालेले असते.

सुकाणू

डिझेलची बाजूही नोंदवतो. उघड्या आवारात, उतारावर आणि जड कामाला डिझेल यंत्र दमदार असते आणि इंधन भरले की लगेच कामाला लागते. बंदिस्त जागेत ते वापरू नये. गॅसवर चालणाऱ्या यंत्राचा धूर डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते आत चालते असे काही जण म्हणतात, पण त्यातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. शीतगृहात विद्युत यंत्रच हवे, तेही थंडीसाठी बांधलेले. लेड-अॅसिड बॅटरीची क्षमता थंडीत घटते आणि लिथियम गोठणबिंदूखाली तापवल्याशिवाय चार्ज करू नये. यंत्र आतबाहेर ये-जा करत राहिले की बाहेरच्या दमट हवेचे पाणी विजेच्या सांध्यांवर जमते, हे त्रासाचे एक मोठे कारण असते.

उताराबाबत एवढेच : काउंटरबॅलन्स यंत्रावर भार असताना तो नेहमी चढाच्या बाजूला राहील असे चालवावे, म्हणजे चढताना पुढे तोंड करून आणि उतरताना मागे मागे. निवडीच्या वेळी उताराच्या माथ्यावर यंत्राचे पोट टेकेल का, तेही पाहावे. पॅलेट ट्रक आणि स्टॅकर डॉकच्या फळीवर नेमके असेच अडकतात.

गोदामवासी

जुने पण चांगल्या स्थितीतले काउंटरबॅलन्स यंत्र आवारासाठी घ्यावे असाही विचार पुढे आला आहे. पाहायला गेल्यावर काय तपासावे?

यंत्रनिगा

सर्वप्रथम फोर्कची टाच, म्हणजे आडवा भाग उभ्या भागाला जिथे वळतो ती जागा. तिथली जाडी कॅलिपरने मोजा आणि उभ्या भागाच्या न झिजलेल्या जाडीशी ताडून पाहा. झीज १० टक्के झाली असेल तर फोर्क बाद समजावा. १० टक्के म्हणजे किरकोळ वाटते, पण वाकण्याला विरोध करण्याची ताकद जाडीच्या वर्गावर अवलंबून असते, ०.९ चा वर्ग ०.८१, म्हणजे ताकद जवळजवळ २० टक्क्यांनी गेलेली असते. फोर्क जमिनीला घासत नेण्याच्या सवयीने ही झीज होते आणि त्यावरून ते यंत्र कसे वापरले गेले हेही कळते. टाचेवर वेल्डिंगचा डाग दिसला तर तो फोर्क नाकारावा.

त्यानंतर पाटीवरची जोडांची नोंद प्रत्यक्ष बसवलेल्या जोडांशी जुळते का पाहा. मग भार उचलून, इंजिन बंद करून काही वेळ थांबा. फोर्क आपोआप खाली सरकत असतील किंवा मास्ट पुढे झुकत असेल तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. साखळ्यांवर कोरडा गंज असेल, दोन्हींचा ताण वेगवेगळा असेल, मागच्या सुकाणू-आसाच्या खिळीत खडखडाट असेल, तर भाव करण्यापेक्षा दुसरे यंत्र पाहणे बरे.

गोदामवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वरिष्ठांसमोर आता असा प्रस्ताव ठेवणार आहे : आतल्या कामासाठी लिथियम बॅटरीचा रीच ट्रक, डॉक, कंटेनर आणि आवार यांसाठी पूर्ण फ्री लिफ्ट आणि साइड शिफ्ट असलेले दोन टनी विद्युत काउंटरबॅलन्स यंत्र, आणि जमिनीवरच्या हालचालींसाठी एक विद्युत पॅलेट ट्रक. एकाच यंत्राचा पर्याय म्हणून आर्टिक्युलेटेडची तुलनाही सोबत देईन. मागणी नोंदवताना काही अटी लेखी घालाव्यात का?

समतोल

प्रस्ताव योग्य वाटतो. आवारातल्या यंत्राला घन रबरी टायर घ्यावेत, पंक्चरची कटकट राहत नाही. आवार फारच खडबडीत असेल तरच हवेचे टायर. रीच ट्रकच्या लेखी अटींत "क्षमता १.६ टन" असे न लिहिता, "१२०० × १००० चे ११०० किलोचे पॅलेट, लोड सेंटर ६०० मिलिमीटर, उचल ७.८ मीटर, साइड शिफ्टसह, २.८ मीटर मोकळ्या मार्गिकेत" असे संपूर्ण वाक्य घालावे आणि पाटीवर तीच उंची व तेच लोड सेंटर छापून मागावे. यंत्र ताब्यात घेण्याच्या दिवशी तुमच्या सर्वांत अरुंद मार्गिकेतल्या सर्वांत वरच्या कप्प्यात तुमचेच ११०० किलोचे पॅलेट ठेवून आणि परत काढून दाखवावे, अशीही अट असू द्या. शेजारच्या दोन्ही कप्प्यांत पॅलेट भरलेली असताना.